दिव्याची खात्री

उसाच्या शेंड्यांवर धुकं अजून बसून होतं, तेव्हा कराडकडून येणारी सांगली गाडी कडेगावच्या स्टँडवर लागली. शिवांजली चढली आणि तिनं गाडीभर नजर फिरवली. एकच जागा रिकामी होती... तीही रिकामी म्हणायची तर रिकामी नव्हती. तिथं एक खोका बसला होता. खिडकीजवळच्या तरुणानं त्या खोक्यावर असा हात टाकला होता, जणू शेजारी पोर झोपलंय.

"हे कुणाचं?" तिनं विचारलं.

"माझंच."

"तिकीट काढलंय त्याचं?"

मागून कंडक्टर हसला. "मी म्हटलं अर्धं काढा, तर म्हणत्यात, वय बसत न्हाई!"

तरुणानं निमूटपणे खोका उचलून मांडीवर घेतला. शिवांजली बसली. तिच्याही मांडीवर एक लहानसा थर्माकोलचा डबा होता आणि तिनंही तो दोन्ही हातांनी धरला होता. थोडा वेळ दोघं आपापलं ओझं सांभाळत समोर बघत राहिले.

"तुमच्या डब्यात काय आहे?" शेवटी त्यानंच विचारलं.

"आधी तुमच्या खोक्यात काय आहे ते सांगा."

"दिवा."

"दिवाळी तर झाली."

"हा फुटला तर माझं दिवाळं निघेल. आता तुम्ही सांगा."

"रक्त."

तो जरा सरकून बसला. "कुणाचं?"

"जास्त बोलणाऱ्यांचं."

त्याला हसू आवरेना. तेवढ्यात पुढं उसाचा ट्रॅक्टर आडवा आला, ड्रायव्हरनं ब्रेक दाबला आणि सगळी गाडी पुढं झुकली. शिवांजलीच्या मांडीवरून डबा निसटला... पण खाली गेला नाही. खालून त्याचा हात आला होता. डबा त्या तळहातावर अलगद टेकला होता.

"आणि तुमचा दिवा?" ती घाबरून म्हणाली.

"गुडघ्यात धरलाय. तुमचं बघा."

तिनं डबा उघडून बघितलं. दोन नळ्या होत्या, एक लाल झाकणाची आणि एक जांभळ्या. दोन्ही शाबूत. तिनं डबा बंद केला आणि "थँक्यू" म्हणताना पहिल्यांदा त्याच्याकडं नीट बघितलं. सावळा चेहरा, उन्हात फिरून तापलेला... आणि डोळे मात्र गार.

तो साताऱ्याचा होता. तसं त्यानं सांगितलं, आणि वर म्हणाला, "कृष्णेचं पाणी आधी आमच्या माहुलीला येतं. मग तुमच्या सांगलीला."

"म्हणूनच गढूळ येतं," शिवांजली म्हणाली.

विश्रामबागला ती उतरली. तोही उतरला. तो चहाच्या गाड्याकडं वळला आणि ती भराभर चालत गेली. मागं वळून बघायचं नाही असं तिनं ठरवलं होतं. कोपऱ्यावर मात्र तिला चप्पल नीट करावी लागली... आणि चप्पल नीट करताना माणूस मागं बघतोच.

*

शिवांजली ज्या लॅबमध्ये काम करायची तिथं रोज शेकडो नळ्या यायच्या. तिच्या वाट्याला जे टेबल होतं ते मात्र सगळ्यात शांत होतं. रक्त गोठू द्यायचं, वर आलेलं पिवळसर पाणी काढायचं, त्याचा थेंब एका पट्टीवर ठेवायचा आणि पट्टीतून वीज सोडायची. त्या थेंबातली प्रथिनं मग पळायला लागतात. कुणी लांब पळतं, कुणी मध्येच दमतं. पट्टीला रंग दिला की प्रथिनं जिथं थांबली तिथं पट्टे उमटतात. पट्टा गडद की फिकट, हे डोळ्याला कळतं. पण किती गडद, हे डोळा सांगू शकत नाही. त्यासाठी डेन्सिटोमीटर नावाचं मशीन होतं. ते पट्टीवरून दिव्याचा झोत नेतं, पट्ट्यातून किती उजेड पार होतो ते मोजतं आणि त्याचा आलेख काढतं... जिथं गडद तिथं डोंगर, जिथं फिकट तिथं दरी.

गेले काही दिवस त्या मशीनचा दिवा गेला होता. सगळं काम अडलं होतं, आणि नेमकं त्याच दिवसांत तिच्या वडिलांच्या डॉक्टरांनी ही तपासणी सांगितली होती. आण्णा फौजेतून निवृत्त झालेले, आता उसात राबणारे. पाठ दुखते म्हणून कधी बसायचे नाहीत, पण महिनाभर त्यांना रात्री कूस बदलता येत नव्हती. कडेगावचे डॉक्टर म्हणाले, एकदा रक्तातली प्रथिनं बघून घेऊ. हाडाच्या आत वाढणारा एक आजार असतो, तो नाही एवढी खात्री होईल.

आण्णा सांगलीला यायला तयार नव्हते. "तुज्या हातानं काढ रक्त. फौजेतबी माज्या शिरंला कुणी सुई एकदा लावून सुटला न्हाई," ते म्हणाले होते. म्हणून तिनं त्या सकाळी घरीच रक्त काढलं होतं.

दहाच्या सुमारास लॅबचं दार उघडलं.

"दिवा!" शिवांजलीच्या तोंडून निघालं.

"रक्त!" तोही म्हणाला, आणि खोका घेऊन दारातच उभा राहिला.

लॅबच्या प्रमुख डॉक्टर संयोगिता मॅडम आळीपाळीनं दोघांकडं बघत राहिल्या. "हे साईराज. मशीनच्या कंपनीकडून आलेत," त्या म्हणाल्या, "पण तुमची ओळख पुढं गेलेली दिसते."

साईराजनं दुपारपर्यंत मशीन खोललं, दिवा बसवला, परत जुळवलं. शिवांजली शेजारी पट्ट्या तयार करत होती. अधूनमधून तो स्क्रू मागायचा आणि ती भलताच स्क्रू द्यायची... मुद्दाम नव्हे, पण अगदी चुकूनही नव्हे.

पहिल्या पेशंटची पट्टी सरकली आणि पडद्यावर रेघ चढू लागली. डावीकडं एक उंच टोकदार डोंगर, मग लहान लहान टेकड्या, आणि शेवटी लांब पसरलेला ठेंगणा उंचवटा.

"अरेच्चा, हा तर आमचा सातारा!" साईराज म्हणाला. "हा अजिंक्यतारा. या मधल्या टेकड्या. आणि हे बघा शेवटी... यवतेश्वरचं पठार."

"आम्ही त्या किल्ल्याला अल्ब्युमिन म्हणतो. आणि पठाराला गॅमा."

"म्हणा की. डोंगर रागवत नाहीत."

ती हसली. दुसरी पट्टी गेली, तिसरी गेली. सगळीकडं सातारा उमटत होता, कुठं किल्ला थोडा बुटका, कुठं पठार थोडं फुगलेलं. मग आण्णांची पट्टी आली.

रेघ किल्ला चढली, उतरली. टेकड्या ओलांडल्या. आणि पठार सुरू होतं तिथं, अगदी त्याच्या कडेला... रेघ एकदम सरळ वर गेली आणि सरळ खाली आली.

पठारावर सुळका उभा होता.

शिवांजलीचं हसू तसंच राहिलं, आणि मग हळूहळू गेलं. असा सुळका म्हणजे काय हे तिला शिकवावं लागत नव्हतं. एकाच जातीची पेशी माजली आणि एकच प्रथिन ओतू लागली की असा बारीक, उंच सुळका येतो. कडेगावच्या डॉक्टरांना जो आजार नाही म्हणायचं होतं, तो असाच दिसतो.

"मशीन चुकतंय," ती म्हणाली.

साईराजनं पडदा बघितला, मग तिच्याकडं बघितलं. "आधीच्या तिन्ही बरोबर आल्या."

"तुमचा दिवा नवा आहे. हलला असेल. गाडीत ब्रेक लागला होता..."

त्यानं बॅगेतून मखमलीत गुंडाळलेली काचेची पट्टी काढली. तिच्यावर करड्या रंगाच्या पायऱ्या होत्या, पहिली जवळजवळ पारदर्शक, शेवटची काळीशार. प्रत्येक पायरी किती गडद हे आधीच ठरलेलं असतं. ती काच मशीनमधून गेली आणि पडद्यावर जिन्यासारखी नीट पायरी-पायरी उमटली. एकही पायरी वाकडी नव्हती.

"पुन्हा लावा," ती म्हणाली.

त्यानं पुन्हा लावली. पुन्हा तसाच जिना.

"एकदा नुसतं म्हणा ना, की दिव्यात दोष असू शकतो." तिचा आवाज बारीक झाला होता. "ते माझे आण्णा आहेत."

साईराज थांबला. त्याला ते म्हणता आलं असतं. एका वाक्याचं काम होतं, आणि समोरचे डोळे भरून आले होते... तरी त्यानं नकारार्थी मान हलवली.

"दिव्याची खात्री मी देतो," तो हळू म्हणाला. "पट्टीवर रेघ आहे, ती साध्या डोळ्यालाही दिसतेय. पण मी फक्त दिव्याचीच खात्री देऊ शकतो. रक्ताची... ती तुम्ही द्या."

"म्हणजे मी रक्त चुकीचं काढलं?"

"तसं नाही म्हणालो."

"मग कसं म्हणालात?"

रागानं तिचे कान लाल झाले होते. रक्त काढण्यात तिचा हात धरणारं लॅबमध्ये कुणी नव्हतं. पण रागातच तिनं ती लाल झाकणाची नळी उचलली, आणि उजेडाकडं धरली... आणि तशीच धरून राहिली. सकाळी रक्त नीट गोठलेलं दिसलं नव्हतं. खाली घट्ट खरवस व्हायच्या ऐवजी अर्धवट लागलेल्या दह्यासारखं थलथलत होतं. गाडीत हिसके बसले म्हणून असेल, असं तिनं तेव्हा मनाला सांगितलं होतं.

ती नळी घेऊन मॅडमकडं गेली.

मॅडमनी नळीतल्या त्याच पिवळसर पाण्यातलं कॅल्शियम आणि पोटॅशियम मोजायला लावलं. आकडे आले तसा त्यांनी चष्मा काढला. "शिवांजली, आज सकाळी वडील काय करत होते?"

"म्हशीची धार काढली. मग उसाला पाणी पाजायला गेले."

"एवढं पोटॅशियम असलेला माणूस खाटेवरून उठणार नाही. आणि कॅल्शियम तर जवळजवळ नाहीच." त्या किंचित हसल्या. "यात जांभळ्या नळीतलं औषध मिसळलंय."

जांभळ्या झाकणाच्या नळीत रक्त गोठू नये म्हणून औषध असतं, लाल झाकणाच्या नळीत रक्त गोठायला हवं असतं. गोठताना जे प्रथिन वापरलं जातं, ते गोठलं नाही तर पाण्यात तसंच उरतं. आणि त्याची रेघ नेमकी तिथंच पडते... पठाराच्या कडेला.

"पण मी नाही मिसळलं," शिवांजली म्हणाली. "मी कशाला—"

ती बोलता बोलता थांबली. रक्त काढून झाल्यावर ती हात धुवायला गेली होती. दोन्ही नळ्या स्वयंपाकघराच्या कट्ट्यावर होत्या, दुधाच्या मापांशेजारी. आणि कट्ट्यापाशी आई होती.

तिनं फोन लावला, स्पीकरवर टाकला.

"आई, सकाळी त्या रक्ताच्या नळ्यांना हात लावलास?"

"न्हाई बाई, मी कशाला लावू?" विजयमालाबाईंचा आवाज आला. मागं म्हैस ओरडत होती. मग जरा वेळानं, "तसा... जरासाच लावला."

"काय केलंस?"

"आगं, जांभळी काठोकाठ, अन् लाल निम्मीबी न्हाई! सायेब रागावत्याल, म्हणत्याल हिच्या घरच्यांनी मापात मारलं. मग जांभळीतलं लालीत वतलं, अन् सारखं केलं."

मॅडमनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. मग सगळ्यात आधी साईराजनं तोंडावर हात धरला.

"कोन हसतंय गं?" आईनं विचारलं.

"दिवा," शिवांजली म्हणाली, आणि तिला हसू आणि रडू एकदमच आलं.

"खुशाल हसा," मॅडम म्हणाल्या, "पण खरं काय ते नव्या रक्तानंच कळेल. तोवर आजार आहे असंही नाही, आणि नाही असंही नाही."

*

संध्याकाळच्या गाडीत आता दोघांच्या मध्ये खोका नव्हता. रिकामा खोका वर फळीवर ठेवला होता. बाहेर कुठंतरी गुऱ्हाळ चालू असावं, गुळाचा गरम वास खिडकीतून येत होता.

"तुम्ही खोटं बोलला असता तरी चाललं असतं," शिवांजली म्हणाली. "मला दोन घटका बरं वाटलं असतं."

"आणि उद्या?"

तिनं वर फळीवरच्या खोक्याकडं बघितलं.

"उद्या तुम्ही नळीकडं बघितलंच नसतं," तो म्हणाला. "सगळं मशीनवर ढकलून दिलं असतं. आणि मी जेव्हा कधी तुम्हाला खरं काही सांगायला आलो असतो... तेव्हा तुम्ही म्हणाला असता, याचं काय, हा बरं वाटावं म्हणून बोलतो."

"खरं म्हणजे काय सांगणार होता?"

"ते अजून ठरायचंय." त्यानं खिडकीबाहेर बघितलं. "पण एक वाईट बातमी आहे. हा दिवा फार चांगल्या बनावटीचा आहे. वर्ष-दोन वर्षं जाणारच नाही."

"मग वाईट काय त्यात?"

"मला यायला कारण उरत नाही."

शिवांजलीनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. उलगडलं. पुन्हा गुंडाळलं. कडेगाव कधी आलं ते तिला कळलं नाही, कंडक्टरनंच हाक मारली, "अवो ताई, उतरायचं का साताऱ्याला जायचं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं पुन्हा रक्त काढलं. आईला उंबऱ्यात, हात मांड्यांना चिकटवून उभं केलं होतं.

"तिला बी सावधान केलीस व्हय?" आण्णा म्हणाले. "चाळीस वर्सं मला जमलं न्हाई ते." बोलले हसतच. पण सुई निघाल्यावर त्यांनी तिचा हात जरा वेळ धरून ठेवला. "पोरी, काय निगंल ते सरळ सांग. मी फौजेतला हाय."

"सरळच सांगीन, आण्णा," ती म्हणाली, आणि तिला आदल्या दिवशीचा मान हलवणारा साईराज आठवला. सरळ सांगणं किती जड असतं, हे तिला आता कळत होतं.

दुपारी लाल नळीतलं रक्त घट्ट बसलं होतं. पट्टीवर ठेवलेला पहिला थेंब जरा पसरला, म्हणून तिनं ती पट्टी बाजूला सारून दुसरी घेतली. वीज सोडली. रंग दिला. दिव्याचा झोत पट्टीवरून सरकला.

किल्ला. टेकड्या. दरी...

आणि पुढं पठार. लांब, शांत, सपाट पठार. कुठं काही उभं नव्हतं.

तिनं आधी आण्णांना फोन केला. "काही निघालं नाही. तुमची पाठ वाकून वाकून दुखतीय. कंबरेला पट्टा बांधा आणि ऊस दुसऱ्याला उचलू द्या." पलीकडून आण्णांनी नाक शिंकरल्याचा आवाज आला. मग तिनं पडद्याचा फोटो काढला आणि साईराजला पाठवला. खाली एकच शब्द लिहिला, "पठार."

उत्तर संध्याकाळी आलं, तोही फोटोच. मावळतीला काळी पडलेली डोंगररेघ... एका बाजूला उंच अजिंक्यतारा, मध्ये टेकड्या, दुसऱ्या टोकाला यवतेश्वर. खाली लिहिलं होतं, "हे खरं मशीन. इथं दिवा रोज बदलतात."

त्यानंतर बोलणं सुरू झालं ते थांबलंच नाही. थंडी सरत आली तेव्हा एक दिवस तिनं फोन केला. "साईराज, दिवा मिणमिणतोय."

"तो दिवा मिणमिणत नाही."

"मग... मीच मिणमिणत असेन."

पलीकडं काहीतरी खणकन खाली पडल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "उद्या पहिल्या गाडीनं येतो."

लॅब सुटल्यावर ती दोघं आयर्विन पुलावर गेली. खाली कृष्णा संथ होती, पुलाच्या कमानी पाण्यात जशाच्या तशा उतरल्या होत्या.

"बघा, गढूळ आहे का?" तो म्हणाला.

"आज नितळ आहे."

"काल माहुलीला जाऊन सांगून आलोय. म्हटलं, माझी अब्रू तुझ्या हातात आहे."

ती हसली. तो हसला नाही. कठड्यावर ठेवलेल्या तिच्या हाताशेजारी त्यानं आपला हात ठेवला, मध्ये बोटभर अंतर ठेवून. "शिवांजली... त्या दिवशी तू म्हणालीस ना, खरं काय सांगणार होता?"

पहिल्यांदाच तो 'तू' म्हणाला होता. तिला ते ऐकू आलं, आणि त्यालाही.

"सांगा," ती म्हणाली. मग जरा थांबून, "सांग."

"मला तू आवडतेस. यात दिव्याचा काही दोष नाही. मी पुन्हा पुन्हा तपासून बघितलंय."

ते बोटभर अंतर तिनं ठेवलं नाही.

*

रविवारी साईराज कडेगावला आला. आण्णा पट्टा बांधून ओट्यावर ताठ बसले होते, फौजेत कुणाची हजेरी घ्यावी तसे. त्यांनी घर विचारलं, गाव विचारलं, नोकरी विचारली. मग पोरीकडं वळले.

"पाव्हणं बोलत्यात तर चांगलं. दिव्याची खात्री यांनी दिली, रक्ताची तू दिलीस. पर ह्या पाव्हण्यांची खात्री कोन देनार?"

शिवांजली दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिनं मान खाली घातली नाही.

"मी देते, आण्णा."

आण्णांनी तिच्याकडं बराच वेळ बघितलं. आलेखात कुठं सुळका दिसतोय का, तसं. मग त्यांनी मिशीवरून हात फिरवला. "मग माजं काम संपलं. चहा आना."

विजयमालाबाई चहा घेऊन आल्या. आण्णांचा पेला त्यांच्यापुढं ठेवला. ताटलीत आणखी दोन कप होते, पाव्हण्याचा आणि लेकीचा. ताटली खाली ठेवताना त्यांचं लक्ष गेलं, एक कप काठोकाठ होता, एक जरा कमी. हात आपसूक पुढं गेला. भरलेला कप उचलला, दुसऱ्यावर तिरपा धरला... आणि मग सगळे आपल्याकडंच बघतायत हे त्यांना कळलं. हात हवेतच थांबला.

"आई!" शिवांजली म्हणाली.

"चुकलं बाई. सवय जात न्हाई मेली."

"थांबू नका, आई," साईराज म्हणाला. "या वेळी मिसळलं तरी चालतंय."

विजयमालाबाईंनी लेकीकडं बघितलं. लेकीचे कान लाल झाले होते, पण ती हसत होती. मग त्यांनी सावकाश, एक थेंब न सांडता, या कपातला चहा त्या कपात ओतला, दोन्ही कप शेजारी ठेवले, आणि वाकून काठ न्याहाळले.

"हां," त्या म्हणाल्या. "आता सारखं झालं."